मानपत्रातलं तिसरं वाक्य

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी मला विचारलंत, आपल्या घराण्यात कोणी युद्धातला वीर आहे का. शाळेनं एक कागद भरायला दिला आहे. त्यात फोटो चिकटवायला चौकट आहे, पदकांसाठी रकाना आहे आणि खाली 'शौर्याचं कृत्य' चार ओळींत लिहायचं आहे. तुमच्या बापानं मागून ओरडून सांगितलं, "आई, दादाचं सांग ना! तो तोफखान्यात होता." मग त्याला कुठलीशी मीटिंग लागली आणि फोन बंद झाला.

म्हणून लिहिते. चार ओळींत मावणार नाही, आणि तुमच्या शाळेला हवं तसं तर मुळीच नाही. मराठीत लिहिते आहे, कारण मग तुमच्या बापाला वाचून दाखवावं लागेल, आणि वाचताना एका ठिकाणी त्याला थोडी लाज वाटेल. ती जागा मी मुद्दाम गाळणार नाही.

तुमचा हा काका म्हणजे माझ्या धाकट्या दिराचा मुलगा. त्यांचं घर मोताळा तालुक्यात, रोहिणखेडच्या अलीकडे. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवत होते. ज्या गावात शिकवत होते तिथेच कॉलेज होतं. गावाचं नाव लिहीत नाही, नाहीतर कॉलेज ओळखू येईल आणि प्राचार्यांच्या नातवंडांना उगाच वाचायला मिळेल. बारावीनंतर तो माझ्याकडे राहून बी.एस्सी. करत होता, गणित घेऊन. पहिलं वर्ष चांगल्या गुणांनी पास झाला. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर एका मित्राला सोबत म्हणून सैन्यभरतीला गेला. मित्र छातीत कमी भरला, हा पुरा भरला. घरी येऊन म्हणाला, "मोठीमाय, माह्यं झालं." त्याचं गणिताचं पुस्तक माझ्या कपाटात राहिलं. पहिल्याच पत्रात त्यानं लिहिलं होतं, 'पुस्तक उंदरापासून जपजो, मी येणार आहे.' मी ते वर्तमानपत्रात गुंडाळून, वर तारीख घालून ठेवलं.

मग ती डोंगरावरची लढाई झाली. तो लढाईत होता म्हणजे शिखर चढत होता असं समजू नका. तो तोफेच्या मागे कागद, पेन्सिल आणि आकड्यांचे तक्ते घेऊन बसणारा होता. निशाणा किती लांब, किती उंच, वारा कुठला, हे सांगितलं की तक्त्यात बघून तोफेचं नाक किती वर करायचं ते त्यानं सांगायचं. त्यातच त्याचं डोकं अडकलं. तक्ते सपाटीवरचे होते. वर हवा पातळ, त्यामुळे गोळा तक्त्यापेक्षा पुढे जाऊन पडायचा. मग मागून कोणीतरी दुरुस्तीचे आकडे पाठवायचं आणि गोळा बरोबर पडायचा. हे आकडे कोण काढतं आणि कसे काढतं, हे याला कोणी सांगेना. त्यानं आपल्या अधिकाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "तू तक्ता पढ़, दिमाग मत लगा."

तोफांनी त्याचा डावा कान नेला. उजव्यानं ऐकू येत होतं. वर्षभरानं वैद्यकीय बोर्डानं त्याला घरी पाठवलं. पंचवीस वर्षांचा होता.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला. चहा घेतला आणि सरळ विचारलं, "माह्यं पुस्तक हाये का?"

मी काढून दिलं. त्यानं वर्तमानपत्र सोडलं, पानं चाळली आणि म्हणाला, "मोठीमाय, मले कॉलेजात जायचं हाये. जिथं सोडलं तिथून. तो तक्ता खरा काऊन असते, ते मले शिकायचं हाये."

त्याला एवढंच हवं होतं. नोकरी नको, पेट्रोल पंप नको, पुढारपण नको. दुसऱ्या वर्षाच्या वर्गात पुढचा बाक, आणि तोही खोलीच्या डाव्या बाजूचा, म्हणजे उजवा कान शिकवणाऱ्याकडे राहील. प्रवेश जूनमध्ये सुरू व्हायचे होते. मधे चार महिने होते.

त्या चार महिन्यांत आपल्या लोकांनी त्याचं काय केलं ते ऐका. त्याचा सत्कार केला.

आपल्याकडे माणसाचं काही करायचं नसलं की त्याचा सत्कार करतात. ग्रामपंचायतीनं केला, सोसायटीनं केला, दोन गणेश मंडळांनी गणपती नसताना केला. ज्या पुढाऱ्याला याच्या बापाचं नावसुद्धा माहीत नव्हतं त्यानं व्यासपीठावर याला मिठी मारली आणि फोटो निघेपर्यंत सोडलं नाही. दर वेळी फेटा, शाल, नारळ. शाली सगळ्या खामगावच्या एकाच दुकानातल्या, एकाच रंगाच्या, किनार फक्त वेगळी. मे महिन्याच्या उन्हात, जेव्हा आपल्या भागात माणूस बनियनसुद्धा काढून टाकतो, तेव्हा याच्या खांद्यावर शाल घालायचे आणि टाळ्या वाजवायचे. माझी जाऊ, म्हणजे त्याची आई, या शालींवर कुरडया वाळत घालायची. त्या शालींचा तेवढाच उपयोग झाला.

त्याच्या बापाला मात्र सत्कारांची चटक लागली. माझा दीर तसा साधा शेतकरी, पण मुलाबरोबर पहिल्या रांगेत बसायला मिळालं आणि माणूस बिघडला. पोरगा कॉलेजचं नाव काढायला लागला तेव्हा तो माझ्याकडे तक्रार घेऊन आला.

"वहिनी, तुमीच सांगा याले. लोकं याले हार घालून राह्यले, अन् हा म्हनते मी पोट्ट्यायच्या बाजूले बसतो. पाढे म्हनन का आता?"

"पाढे नाहीत, भावजी. कॅल्क्युलस."

"तेच न. लोकं काय म्हनतीन? फौजी नापास झाला होता म्हनून परत आला म्हनतीन."

"मग तुम्ही काय म्हणाल?"

"मी काय म्हनू? मी तं स्टेजवर बसलो राहीन."

मला हसू आलं. हसायला नको होतं, कारण यात माझाही वाटा होता आणि आता तोच सांगायचा आहे.

पहिला मोठा सत्कार तालुक्याच्या गावी झाला तेव्हा मानपत्र कोण लिहिणार असा प्रश्न आला. मी इंग्रजीची बाई, घरचीच, अक्षर चांगलं. सगळे म्हणाले, मॅडम लिहितील. मी लिहिलं. तीन मसुदे केले. आयुष्यभर मुलांच्या निबंधातली भरताड लाल शाईनं खोडत आले आणि स्वतः लिहायला बसले तेव्हा तीच भरताड ओतली. पहिलं वाक्य या मातीबद्दल होतं, दुसरं त्याच्या आईच्या कुशीबद्दल. तिसरं वाक्य होतं: 'ज्याने हिमशिखरांच्या विद्यापीठात साक्षात मृत्यूकडून पदवी घेतली, त्याला आता दुसरे कोणते विद्यापीठ काय शिकवणार?'

या वाक्यावर मी खूश होते. तुमच्या आजोबांना दोनदा वाचून दाखवलं. समारंभात त्या वाक्यावर सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. आणि तारीख घालून जपलेलं पुस्तक तर मीच त्याला परत दिलं होतं, तक्त्याची गोष्ट मीच ऐकली होती. तरी हात तेच लिहून गेला. छान वाक्य सुचलं की माणूस समोरच्या माणसाला विसरतो. मानपत्राला सोनेरी चौकट केली आणि दिरानं ते घराच्या दाराच्या वर, माणसाला वाचता येणार नाही इतक्या उंचीवर लावलं.

जूनमध्ये तो कॉलेजात गेला. खिडकीतल्या बाबूनं त्याला पाहिलं आणि उठून उभा राहिला. "अरे फौजीसाहेब! खुर्ची आन बे!" शिपायानं खुर्ची आणली. खिडकीपुढे रांगेत उभ्या असलेल्या मुलामुलींनी टाळ्या वाजवल्या. बाबूनं याला थेट प्राचार्यांच्या खोलीत नेलं. प्राचार्यांनी चहा मागवला, पोहे मागवले, कपाटातून शाल काढली. कपाटात शाली ठेवणारा प्राचार्य कसा असेल हे मी सांगायला नको. हा संध्याकाळी माझ्याकडे आला, हातात शाल आणि नारळ.

"फॉर्म?" मी विचारलं.

"पुढच्या हप्त्यात बोलावलं. म्हने तुमच्यासाठी वेगळी व्यवस्था करू."

पुढच्या आठवड्यात गेला तर प्राचार्य बाहेरगावी होते. बाबू म्हणाला, "साहेबाले इचारल्याबिगर तुमचा फॉर्म मी कसा घेऊ? तुमी काई साधं मानूस हाये का?" तिसऱ्या खेपेला फॉर्म मिळाला, पण सोबत छापील पत्रिका मिळाली. नव्या वर्षी सगळ्या वर्गांचं स्वागत करण्याच्या समारंभाला प्रमुख पाहुणा म्हणून याचंच नाव होतं. ज्या वर्गात याला बसायचं होतं त्या वर्गाचं स्वागत यानंच करायचं. मी पत्रिका हातात घेतली आणि विचारलं, "हो म्हणालास?"

"नाही म्हनलो असतो तं फॉर्म देला नसता."

असं करता करता प्रवेशाची शेवटची तारीख चार दिवसांवर आली आणि भरलेला फॉर्म त्याच्याच पिशवीत होता. तेव्हा मी म्हटलं, उद्या मी येते.

प्राचार्य माझ्याशी फार आदरानं बोलले. मला मॅडम म्हणाले, याला आपण म्हणाले. मराठी पुस्तकी आणि आवाज समारंभी.

"मॅडम, आपणच विचार करा. एकोणीस वर्षांच्या मुलांमध्ये हे बसणार? आमचे प्राध्यापक यांना प्रश्न कसे विचारतील? उद्या हे एखाद्या विषयात राहिले तर कॉलेजची काय शोभा? सत्कार केलेला माणूस नापास झाला असं होईल."

"राहीन तर राहीन, सर," हा म्हणाला. "पुन्हा देईन परीक्षा."

"नाही नाही, आपला मान आम्हाला जपायला हवा." आणि मग त्यांनी मला हसून सांगितलं, "मॅडम, खरं तर हे आम्ही कशाला बोलायचं? आपणच फार सुंदर शब्दांत लिहून ठेवलं आहे. मी ते उतरवून घेतलं होतं." त्यांनी टेबलाच्या काचेखालून एक कागद काढला आणि वाचला. तिसरं वाक्य. मृत्यूकडून पदवी. दुसरे कोणते विद्यापीठ काय शिकवणार. वाचून झाल्यावर त्यांनी कागद पुन्हा काचेखाली नीट सरकवला.

हा त्या दिवशी उजवा कान प्राचार्यांकडे येईल असा बसला होता. शब्द न् शब्द ऐकला. त्यानं माझ्याकडे वळून विचारलं, "मोठीमाय, हे तू लिवलं?"

तेव्हा मला समजलं की ते वाक्य त्यानं आजवर ऐकलंच नव्हतं. समारंभात माईक त्याच्या डाव्या बाजूला होता आणि भोंगे लोकांकडे तोंड करून. मानपत्र वाचलं जात असताना तो समोर बघून हात जोडून बसला होता आणि आम्ही म्हणत होतो, पोरगा किती विनम्र. सगळ्या सत्कारांत तो तसाच बसला होता. एकाही माणसाला, मलासुद्धा, त्याच्या कानाकडे बघून खुर्ची हलवायचं सुचलं नाही.

"हो, मी लिहिलं," मी म्हटलं.

तो रागावला नाही. पिशवी उचलली आणि बाहेर जाऊन बाकावर बसला. ते मला जास्त लागलं.

मी घरी आले आणि अर्ज लिहायला बसले. मला रडायला येत नाही, अर्ज लिहायला येतो. रात्र वगैरे नाही झाली, जेवणाच्या आधी लिहून झाला. त्याची प्रत अजून माझ्या फाइलीत आहे, म्हणून शब्द बरोबर देते. 'मी लिहिलेल्या मानपत्रातील तिसरे वाक्य असत्य आहे. ते मी या अर्जाद्वारे मागे घेत आहे. सदर विद्यार्थ्यास विद्यापीठाने शिकवण्यासारखे पुष्कळ आहे. कॅल्क्युलस व अवकल समीकरणे त्यास येत नाहीत व ती येणे त्यास आवश्यक वाटते. प्रवेश नाकारावयाचा असल्यास कारण लेखी द्यावे.' खाली सही, तारीख, आणि आवक क्रमांक घालून पोच द्यावी ही विनंती.

दुसऱ्या दिवशी अर्ज खिडकीत दिला. बाबूनं वाचला, पुन्हा वाचला.

"मॅडम, मानपत्र असं कोनी मांगं घेते का?"

"मी घेते."

"पन हे कायच्यात नोंदू? तक्रारीत का अर्जात? का सत्काराच्या फाइलीत?"

"सत्काराची फाइल आहे तुमच्याकडे?"

"हाव. जाडीच फाइल हाये."

"मग तिच्यात नको. आवक नोंदवहीत घाला आणि मला नंबर द्या."

रांगेतली एक मुलगी हसली. बाबूनं कपाळावरचा घाम पुसला, नंबर घातला, शिक्का मारला. आपल्या ऑफिसांतली माणसं शौर्याला घाबरत नाहीत, नंबर पडलेल्या कागदाला घाबरतात. लेखी नकार देण्याची हिंमत त्या कॉलेजात कोणाच्यातच नव्हती. कागदावर लिहिणार काय? 'हा माणूस फार मोठा आहे म्हणून त्याला शिकवता येत नाही', असं? वर कोणी वाचलं तर? दुपारी प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं. या वेळी चहा नव्हता. मला बरं वाटलं.

"मॅडम, एवढ्या टोकाला जायची गरज नव्हती. प्रवेश देतो आम्ही. स्वागत समारंभातच जाहीर करू, शाल देऊन..."

हा माझ्या शेजारी उभा होता. म्हणाला, "सर, शाल नका देऊ. पहिल्या बाकावर डाव्या बाजूची जागा द्या. मले या कानानं ऐकू येत नाही."

प्राचार्यांनी त्याचा एक कान पाहिला, मग दुसरा. ते इतके दिवस त्याच्या कुठल्या कानाशी बोलत होते, असा हिशोब करत असावेत. शेवटी म्हणाले, "हे आधी सांगायचं ना!"

"मले कोनी इचारलंच नाही, सर."

समारंभ झाला, पण प्रमुख पाहुणा दुसरा शोधावा लागला. तोच पुढारी आला, मिठीवाला. विद्यार्थ्यांमध्ये बसलेल्या फौजीला त्यानं ओळखलंच नाही, कारण फेटा नव्हता.

आता शेवटचं सांगते. हे मी पाहिलेलं नाही, त्यानं सांगितलेलं आहे. पहिल्या दिवशी गणिताच्या तासाला हजेरी झाली. प्राध्यापक नवे होते, याच्यापेक्षा जेमतेम तीन वर्षांनी मोठे. एकेक नंबर घेत आले. याचा नंबर आला तसे अडखळले, रजिस्टरमध्ये काहीतरी लिहिलं आणि पुढचा नंबर पुकारला.

हा उभा राहिला. "सर, माझा नंबर राहिला."

"लावली साहेब तुमची हजेरी. बसा, बसा."

"लावू नका, सर. पुकारा."

मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "अबे, फौजी आता पोझिशन घेऊन राह्यला!" वर्ग हसला. हाही हसला, पण बसला नाही. मास्तरांनी दोनदा खोकून नंबर पुकारला.

"हजर, सर," हा म्हणाला आणि बसला.

उरलेला दोन वर्षांचा अभ्यासक्रम त्याला तीन वर्षं लागला, कारण एकदा इंग्रजीत राहिला. त्याचं इंग्रजी घरी मीच घेत होते, म्हणून त्याबद्दल जास्त लिहीत नाही. प्राचार्यांनी त्या वर्षी मला पाहून रस्ता बदलला. कॉलेजची शोभा गेली नाही. कॉलेज अजून उभं आहे, आणि बाबू त्याच खिडकीतून निवृत्त झाला.

तो पास झाला त्या दुपारी माझ्याकडे आला आणि वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर त्यानं मला गोळ्याची वाट काढून दाखवली. हवा पातळ असली की ती वाकडी रेघ कशी लांबते, दुरुस्तीचा आकडा कुठून येतो, सगळं. मला एक अक्षर कळलं नाही. मी इंग्रजीची बाई. पण अर्धा तास मी त्याच्या उजव्या बाजूला बसून ऐकलं आणि मधे एकही छान वाक्य बोलले नाही.

तुमचा बाप त्या उन्हाळ्यात सुटीवर आला होता. त्यानं विचारलं, "मग आता दादा काय करणार या डिग्रीचं?" मी म्हटलं, शेती. तो म्हणाला, "मग उपयोग काय झाला?" ही ती लाज वाटायची जागा. त्याला सांगा, नीट मोठ्यानं वाच. तुमचा बाप हुशार आहे, पण वस्तूला उपयोग हवा आणि माणसाला शाल हवी, एवढंच शिकून तो विमानात बसला.

दादा आता शेतात ठिबक सिंचनाच्या नळ्यांचा दाब स्वतः काढतो, आणि शेजाऱ्यांना तो का लागतो ते समजावून सांगतो. ऐकणारे कंटाळतात. मानपत्र मी दारावरून काढून आणलं आहे. चौकट त्याच्या आईनं ठेवून घेतली.

तुमच्या शाळेच्या कागदावर पदकांच्या रकान्यात काही लिहू नका. फोटोही चिकटवू नका, कारण फेट्याशिवायचा फोटो नाही आणि फेट्याचा मी देणार नाही. शौर्याचं कृत्य म्हणून एवढंच लिहा: स्वतःचा हजेरी नंबर पुकारायला लावला. बाईंनी 'म्हणजे काय' असं विचारलं तर त्यांना सांगा, प्रश्न लेखी द्या, आजी आवक क्रमांक घालून उत्तर देईल.